चौदा फेरे

"आ कर."

शमिकाने आ केला आणि संदेशच्या हातातली किल्ली खाली पडली. पोरीच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली होती. तांदळाचा दाणा आरामात बसेल एवढी. काल संध्याकाळी ती नव्हती, की घाईत आपणच नीट पाहिलं नाही, हे त्याला आठवेना. किल्लीचा सकाळचा फेरा राहिला तसाच. त्याची बायको राही म्हणाली, अहो, चहा तरी घ्या. पण त्याने रिक्षा बोलावलीसुद्धा. तिघं मिरजोळ्याहून मारुती मंदिराजवळच्या दवाखान्याकडे निघाली.

संदेश मालवाहू बोटीवर फिटर. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. त्यामुळे घरात सगळ्या मोठ्या गोष्टींना एकच मुहूर्त, पप्पा बोटीवरून आले की. माडीचा पत्रा, विहिरीचा पंप, शमिकाचे कान टोचणं, सगळं तेव्हाच. शमिका सात वर्षांची असताना शाळेत दात तपासायला डॉक्टर आले होते. त्यांनी चिठ्ठी दिली होती : वरचा जबडा अरुंद आहे, चावताना हनुवटी डावीकडे सरकते, आत्ताच दाखवून घ्या. चिठ्ठी डब्यात गेली. पहिली सुट्टी पत्र्यात गेली, दुसरी चुलतभावाच्या लग्नात. यंदा, पोर नऊ वर्षांची झाल्यावर, दवाखान्याची पायरी चढली.

डॉक्टर नम्रता तेव्हा म्हणाल्या होत्या, टाळूचा सांधा अजून कोवळा आहे म्हणून बरं. आणखी चार-पाच वर्षं काढली असतीत तर ऑपरेशनच. त्यांनी टाळूला एक पट्टी बसवली. पट्टीच्या मध्यावर इवलासा स्क्रू. त्यात किल्ली घालून पुढून मागे ढकलायची, की झाला एक फेरा. रोज एकच, चार आठवडे. तोंडात वाकून बघितलं की राहीला भोवळ यायची, म्हणून हे काम संदेशकडे आलं. किल्ली हरवू नये म्हणून देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलेली.

सहाव्या दिवशी मुंबईहून कंपनीचा फोन आला. दहा दिवस आधीच हजर व्हा. "पोरीच्या दातांचा स्क्रू तेवढा पुरा होऊ दे, साहेब, मग लगेच निघतो," संदेश पडवीत उभा राहून म्हणाला. राही कामावर गेली होती. शमिका पायरीवर पाढे लिहीत होती. राहीला नंतर सांगू, असं त्याने ठरवलं, आणि ते नंतर काही आलं नाही. अर्धं काम दुसऱ्याच्या हातात टाकून तो आजवर कुठल्याच इंजिनापासून उठला नव्हता, आणि हे तर लेकीचं तोंड! दुसऱ्या दिवसापासून त्याने सकाळ-संध्याकाळ दोन फेरे सुरू केले. डॉक्टरांनीच सांगितलंय, असं राहीला दडपून सांगितलं.

आता दवाखान्याच्या बाकावर त्याला ते सगळं टोचत होतं. पुढे दोन पेशंट होते. तो उठला, बसला, भिंतीवरचं ब्रश कसा धरावा ते चित्र तीनदा वाचलं. वाटोळं केलंस पोरीच्या चेहऱ्याचं, मेल्या, एवढी कसली घाई? शमिका मात्र त्या फटीत जीभ घालून बघत होती.

आत गेल्यावर डॉक्टरांनी दिवा खाली ओढला, फट पाहिली आणि हसल्या. ही पडायलाच हवी होती, म्हणाल्या. जबडा रुंदावतोय त्याची ही खूण. काही महिन्यांत आपोआप मिटेल.

राहीने सुटकेचा निःश्वास टाकला. संदेशने इथे गप्प बसावं की नाही! पण त्याला राहवलं नाही. आठ दिवस दोन-दोन फेरे दिले, त्याने सांगून टाकलं. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं? राही म्हणाली. डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी आवाज न चढवता त्याला चांगलंच सुनावलं. हाडाला भरून यायला वेळ लागतो, ते काही तुमच्या बोटीचं वेळापत्रक बघत नाही. मग त्यांनी हिशेब केला, पहिले सहा दिवस सहा, पुढचे आठ दिवस सोळा. म्हणजे बावीस फेरे.

त्यांनी बारीक पट्टीने स्क्रू मोजला. मग पुन्हा मोजला.

"बावीस नाहीत," त्या म्हणाल्या. "चौदाच आहेत. जेवढे व्हायला हवे होते, तेवढेच."

शक्यच नाही, संदेश म्हणाला. पंधरा वर्षं नट-बोल्टांत गेलेला हात. डॉक्टर म्हणाल्या, हा स्क्रू आपोआप मागे येत नाही. कुणीतरी उलटा फिरवला तरच.

संदेशने राहीकडे पाहिलं. राही तर तोंडात बघायलाही तयार नसायची. मग दोघांनी एकदमच खुर्चीकडे पाहिलं. शमिकाने दोन्ही हात मांड्यांखाली दडपून धरले होते.

रोज दुपारी शाळेतून आल्यावर, ती खालच्या आवाजात म्हणाली. पप्पा बाजारात गेले की देव्हाऱ्यातली किल्ली घ्यायची आणि आरशासमोर उभं राहायचं. पप्पा पुढून मागे ढकलतात, तिने मागून पुढे ओढायचं. रोज एक. पहिल्या दिवशी टाळूला लागलं होतं, नंतर जमलं.

"अगो, पण का?" संदेशने विचारलं.

शमिकाचे डोळे भरून आले.

"तुम्हीच फोनवर म्हणालात ना, स्क्रू पुरा झाला की निघतो."