जमिनीवरून जमिनीवर

विमानं सुखरूप उतरतात ती जमिनीवरच्या निरोपांमुळे. एका विमानतळाचा निरोप दुसऱ्याला द्यायचा तो ज्याचा त्यालाच आणि पोच घेऊनच, हे नियम सलिल मुंबईत शिकवायचा. १९९९च्या मे महिन्यात त्याला मुलगी झाली. बाबांना सगळ्यांत आधी कळावं म्हणून त्याने रत्नागिरीला, बाबांच्या घरी फोन नसल्याने, शेजारच्या हेमाकाकूंकडे फोन केला.

"काकू, फक्त बाबांना सांगा. आणि सांगितलंत की मला उलट कळवा."

"ही निघालेच बघ."

संध्याकाळपर्यंत निम्म्या आळीचे अभिनंदनाचे फोन आले, बाबांचा नाही. त्याने पुन्हा काकूंना गाठलं.

"अरे, राजाभाऊ बागेत होते. तिथवर काय तोंड मिटून जाऊ?"

बाबांना नात झाल्याचं हापूसवर चढलेल्या गड्याने, वाटेवरचा गलका ऐकून, वरूनच सांगितलं होतं.