साखळीला तेल

बाळंतपणापासून तिची डोंगरवाटांवरची उंच मोटारसायकल पार्किंगमध्ये उभीच होती. "लेकुरवाळीला हा उंट कशाला?" असं सासूबाईंनी दोनदा ऐकवलंही होतं. आज ती बाळाला खांद्यावर घेऊन खाली आली, तर सासूबाई रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन साखळी घासत बसलेल्या. मग चाक हळूहळू फिरवत त्यांनी शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब सोडलं.

"गाडीला गिऱ्हाईक येतंय वाटतं?" तिने विचारलं.

"गिऱ्हाईक कसलं गं? मशीन नुसतं उभं राहिलं की जाम होतं. दे बाळाला इकडे, नि एक चक्कर मारून ये."

"आधी हात तरी धुवा, आई," ती कशीबशी म्हणाली.

"धुते. पण लवकर ये. मग मला मागे बसव. चढायला स्टूल आणून ठेवते."