बासष्टावं नाव

“नकाशा सापडला का?” खुर्चीत टेकायच्या आधीच आजींनी विचारलं.

“आधी बसा तर खरं,” कारकून म्हणाला.

नौदलाच्या जुन्या दप्तरखान्यात त्या पाच महिने दर मंगळवारी येत होत्या. साहेब तर त्यांना पाहिलं की मागच्या दारानं सटकायचे. पन्नास वर्षांपूर्वीची मढी कशाला उकरायची, असं त्यांचं म्हणणं. कारकून मात्र चिकाटीचा होता. शिवाय त्याला त्या बाईची दया यायची, आणि खोटं कशाला बोला, थोडी भीतीही वाटायची.

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी एक गस्ती जहाज बंदराबाहेर आपल्याच सुरुंगांवर गेलं आणि सात मिनिटांत बुडालं. बासष्ट माणसं गेली. चौकशी मंडळानं दीड दिवसात निकाल दिला, की जहाजाची वाट आखणारा अधिकारी चुकला. मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडायला काय लागतं? तो थोडाच उठून भांडणार आहे!

तो अधिकारी आजींचा नवरा. लग्नाला तेव्हा अकरा दिवस झाले होते.

धक्क्यावरच्या दगडावर एकसष्ट नावं कोरली गेली, त्याचं तेवढं गाळलं. पुढे मुलगी झाली. तिला शाळेत पोरं ‘जहाजबुडवी’ म्हणायची आणि ती रडत घरी यायची. आता जुना दगड झिजला म्हणून नवा बसायचा होता, आणि नावांची यादी शुक्रवारी पाथरवटाकडे जाणार होती. आजींच्या हातात तीन दिवस होते.

जोडीचं दुसरं जहाज तेव्हा दुरुस्तीला गोदीत होतं, त्याचे नकाशे शाबूत असतील, हे आजींनीच सुचवलं होतं.

“तुम्हाला कसं माहीत?” कारकुनानं तेव्हा विचारलं होतं.

“पन्नास वर्षं मला दुसरा उद्योग काय होता?”

आज तो नकाशा टेबलावर होता. कारकुनानं चारी टोकांवर वजनं ठेवली.

“नवे सुरुंग पेरले की नकाशा कचेरीत सूचना यायची,” तो समजावू लागला. “तिथल्या मुली प्रत्येक जहाजाच्या नकाशावर ती जागा जांभळ्या शाईनं आखायच्या. आखून झालं की सूचनेचा क्रमांक कोपऱ्यात टाकायच्या. क्रमांक दिसला की जहाजावरचा माणूस निर्धास्त. आता इथं...”

आजींनी चष्मा न लावताच डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“हो, तिथंच. एकशे चौदा. आणि समुद्रात पाहा. कोरा. क्रमांक टाकलाय, सुरुंग आखलेच नाहीत. तुमच्या यजमानांची काडीची चूक नव्हती, आजी. कागदानं मोकळी दाखवली त्या वाटेनं ते नाकासमोर गेले.”

आजी रडल्या. आवाज न करता, बराच वेळ रडल्या. कारकुनानं पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि खिडकीकडे बघत बसला.

“मग कोरतील ना नाव?” शेवटी त्यांनी विचारलं.

“घोडं पेंड खातंय ते इथंच. हा नकाशा दुसऱ्या जहाजाचा. साहेब म्हणतात, यावर राहिलं म्हणून बुडालेल्या जहाजाच्या नकाशावरही राहिलंच, हे कशावरून? नोंदवहीत दोन्ही नकाशे एकाच दिवशी, एकाच मुलीच्या हातचे आहेत. पण तिचं नाव नाही, नुसता नंबर. तेरा. नंबरांची यादी केव्हाच जळाली.”

“ती मुलगी भेटली तर?”

“भेटली, आणि दोन्हींवर राहिलं असं तिनं सही करून दिलं, तर निकाल आजच्या आज फिरेल. पण आता कुठली भेटतेय? आणि असली, तरी कोण कबूल करेल? बासष्ट माणसांचं पाप म्हातारपणी कोण आपणहून गळ्यात घेईल?”

आजींनी रुमालानं डोळे पुसले.

“आजी, खरं सांगतो, मला त्या पोरीचा फार संताप येतो,” कारकून म्हणाला. नेहमी हळू बोलणारा माणूस, पण आज त्याचा आवाज चढला होता. “क्रमांक आधी टाकून ठेवले, आखायचं नंतर बघू म्हणाली असेल, आणि विसरली. हजेरीही बघितली मी. त्या दिवशी बाईसाहेब दुपारीच घरी गेल्या. कसली एवढी घाई होती, कोण जाणे.”

आजींनी रुमालाची घडी घातली आणि टेबलावरचा पेन उचलला.

“दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं.”