तणमोराची उडी

“दादा, उडी मार म्हटलं तुले! खड्डा चुकवाले नाही सांगतलं!” सुवर्णा वैतागून ओट्यावर बसली.

अंगणात तिचा मोठा भाऊ धम्मरत्न खांबासारखा उभा होता. अंगात काळं मखमली जाकीट, मानेला पांढरा पट्टा, डोक्यामागे तारेवर शिवलेले लांब काळे तुरे. उद्या बुलढाण्याला तिच्या फॅशन डिझाइनच्या कोर्सचा शो होता. विषय दिला होता, नामशेष होत चाललेले पशुपक्षी. बाकीच्या मुलींनी वाघ घेतला. वाघाचे पट्टे कुणालाही शोभतात. हिने माळावरच्या गवतातून उंच उड्या मारणारा तणमोर पक्षी घेतला. पहिला नंबर आला की नागपूरच्या एका बुटिकमध्ये काम पक्कं होतं. पण ठरलेला मॉडेल शिवम, त्याने तुरे पाहिले आणि फोनच बंद करून टाकला. आता उरला होता हा एकच नग.

आणि हा नग तिच्या डोक्यात जात होता. कशाचं म्हणून काही वाटत नाही या माणसाला! परवाच जळगाव जामोदच्या मुलीकडून नकार आला. मुलगा चांगला आहे, पण शेती करतो. प्रत्येक स्थळाचं तेच उत्तर. आई भिमाबाई दिवसभर डोळे पुसत होती. याने मुलगी पाहायला घालायचा तो निळा शर्ट धुतला, इस्त्री करून पुढच्या वेळेसाठी ठेवला आणि कपाशीला फवारायला निघून गेला. अशा दगडाला उडवायचं तरी कसं?

“तुयापायी माहं नागपूर जाईन,” ती रडकुंडीला आली. “जरा जीव लावून मार ना!”

“पण हे पाखरू उड्या काऊन मारते वं?”

“मादीले दिसासाठी. गवत उंच असते. नुसता उभा राह्यला तं तिले दिसन काय?”

“अन् मादीच नसन तं?”

“तरी मारते. आता राह्यल्याच किती त्या? पण हा दिवसभर मारते. रोज मारते.”

धम्मरत्नने वाकडा झालेला तुरा हाताने सरळ केला.

“मंग सरक बाजूले,” तो म्हणाला. “हे मले येते.”