मिठाची पुरचुंडी
सत्त्याण्णव सालचा हंगाम होता आणि माझी पाळी सुरू होऊन चारच महिने झाले होते. आप्पांची भाकरी घेऊन गुऱ्हाळावर गेले आणि दारातच पोट धरून चिपाडावर बसले. आत्तीनं ओळखलं. "आत जाऊ नगंस, गूळ काळा पडंल!" ती सगळ्यांदेखत ओरडली. आप्पा गुळव्या होते. उकळत्या रसाची काहील सोडून कधी हलत नसत. त्या दिवशी हलले. "उतरवाय उशीर झाला की गूळ काळा पडतोय, आक्का," एवढंच ते बोलले. कंबर धरली की स्वतःसाठी करायचे, तशी गरम खडेमिठाची पुरचुंडी बांधून त्यांनी माझ्या ओटीपोटावर ठेवली. कोमट काकवीत सुंठ कालवून पाजली. कळ ओसरल्यावर म्हणाले, "ऊठ. गोळी बघायची हाय." उकळता पाक पाण्यात टाकायचा, त्याची घट्ट गोळी वळली की काहील उतरवायची. हे काम आप्पा कुणालाच देत नसत. एका हातानं पुरचुंडी पोटाशी धरून मी दुसऱ्या हातानं गोळी वळली. कच्ची होती. पुन्हा वळली. "उतरवा!" मी ओरडले आणि चार गड्यांनी काहील उचलली. सकाळी ढेप पिवळीधमक निघाली. आत्तीनं खडा फोडून पहिल्याच गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवला. "खावा पावणं, माझ्या भाचीनं उतरवलाय." मी म्हटलं, "कुठल्या दिवशी उतरवला, तेबी सांग की, आत्ती."