घरात कुणाला होता?

"ते लोक जाईपर्यंत आतच बस. आणि खोकू नकोस," थोरली जाऊ दारातून म्हणाली. "मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं ना?"

धाकटीने आपल्या मुठीकडे पाहिलं. ती तशीही उघडत नव्हती. संधिवाताने आखडलेली ही बोटं इंजेक्शनांनी अशी मोकळी झाली होती, की ती पुन्हा मशीनवर बसून लोकांचे कपडे शिवू लागली होती. पण त्याच इंजेक्शनांनी अंगातली प्रतिकारशक्ती दाबली आणि दबा धरून बसलेल्या टीबीने डोकं वर काढलं. इंजेक्शनं बंद झाली. मशीनवर आता चादर होती.

इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुणाला टीबी होता का?" धाकटी तोंड उघडणार, तोच सोबत आलेली थोरली म्हणाली होती, "छे हो! आमच्या घरात असलं काही नाही." तपासणीतही काही दिसलं नाही. डॉक्टर निर्धास्त झाले.

पुढे टीबीच्या गोळ्यांचं पाकीट हातात पडलं आणि धाकटीने ते लगेच ओळखलं. थोरल्या दिरांच्या उशाखाली हेच असायचं. शक्तीच्या गोळ्या म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती भांडली नाही. घरातल्या सगळ्यांना तपासायला कधी येऊ, असा आरोग्यसेविकेचा फोन आला, तेव्हा तिने आजची वेळ दिली.

बेल वाजली. आरोग्यसेविका बॅग घेऊन थेट बैठकीत आली. धाकटी उठून दाराशी उभी राहिली. पाहुण्यांसमोर पुतणी बसली होती, काकूनेच शिवलेल्या ड्रेसमध्ये. मशीनवरचं ते शेवटचं काम. धाकटीची नजर त्या ड्रेसवर थांबली, पण क्षणभरच.

"घरात याआधी कुणाला टीबी झाला होता का?" आरोग्यसेविकेने तिला विचारलं.

होणाऱ्या विहिणीचा कप ओठांशीच थांबला. चहाचा ट्रे धरलेल्या थोरलीने डोळ्यांनीच धाकटीला हात जोडले.

"ताईंना विचारा," धाकटी अगदी गोड आवाजात म्हणाली. "आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर त्याच देतात."