जॅक्सनची गुणगुण

"ही गुणगुण तू बंद करतोस की मी करू?"

लूर्डस टीचरांनी गीतांचं पुस्तक फाटकन मिटलं. सगळं गायनमंडळ गप्प झालं. जॅक्सनचा स्पीकर तेवढा गप्प बसेना. गिटारच्या तारेला कोणाचं बोटही लागलेलं नव्हतं, तरी आतून घुऽऽम् चाललंच होतं.

"तीन वर्षं ऐकतेय," टीचर म्हणाल्या. "येत्या रविवारी चर्चमध्ये सणाचा मिस्सा. दहा गावचे लोक येणार. त्या दिवशी ही माशी तुझ्या डब्यात दिसली, तर तू आणि तुझी गिटार बाहेर आंब्याखाली. थॉमसची पेटी आत."

मागच्या रांगेतला थॉमस नुसता खाकरला. पण घरी जाऊन त्याने पेटी पुसायला काढली.

आठवडाभर जॅक्सन अंधेरीच्या ऑफिसात दुसऱ्यांचे आकडे जुळवायचा आणि रविवारी चर्चच्या माळ्यावर, गिटार गळ्यात घातली की, माणसात यायचा. पण टीचरांचा शब्द मोडायची सोय नव्हती. निर्मळ गावाच्या अलीकडचं ते एवढंसं मंडळ तीन वर्षं स्पर्धेत पहिलं येत होतं ते टीचरांच्या कानामुळे. त्या डोळे मिटायच्या, बोट वर करायच्या आणि नेमका सूर लावायच्या. "देवदूत येऊन कानात सांगतो," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आधी कोणी वाद्याला हात लावायचा नाही, हा दंडक. वीज गेली की मात्र त्यांचा घसा बसायचा. पंखा नसला की दमट हवा सोसत नाही म्हणे.

आता, गुणगुणही साधीसुधी नव्हती. चर्चशेजारच्या ॲन्सेल्मच्या केळीच्या वाडीतल्या मधमाश्या एकदा सोयरे आले समजून थेट माळ्यावर चढल्या होत्या. प्रवचन संपेपर्यंत शिस्तीत बसल्या आणि जाताना दानपेटीवर एक फेरी मारून गेल्या. गावात अजून विचारा.

दोष गिटारचा नव्हता. जॅक्सनच्या पायाशी पाच पेडलं असायची. पायाने दाबलं की गिटारचा आवाज कधी घुमायचा, कधी थरथरायचा. पाचही पेडलांना वीज मिळायची एकाच अडॅप्टरची, फाटे फोडलेल्या वायरीतून. एका म्हशीला पाच रेडकं लावावीत तसं. दूध कमी, हंबरणं जास्त.

त्याने आधी बॅटऱ्यांचा विचार केला. पण फादरांचं प्रवचन लांबलं की त्या माना टाकणार, आणि प्रवचन नेहमीच लांबे. मग घरच्या वायफायचा अडॅप्टर माळ्यावर नेऊन लावून पाहिला. एका पेडलातून पांढरा धूर निघाला. खाली बसलेल्या सालोमी आजींना वाटलं, नवा पोप निवडला. घरी इंटरनेट बंद म्हणून बायको रोवेना बोलेना, ते वेगळंच.

शेवटी जॅक्सन तुळिंजच्या बाजारात सुरजच्या इलेक्ट्रिकच्या दुकानी गेला.

"हा परदेशी अडॅप्टर घ्या, अंकल. एकदम शांत," सुरज म्हणाला.

किंमत ऐकून जॅक्सनही एकदम शांत झाला.

"स्वस्तातला दाखव. हा कसा आहे? यावर लिहिलंय, प्रत्येक पेडलचा पुरवठा वेगळा."

"लिहायला काय जातंय? माझ्या दुकानावर पण 'एकच भाव' लिहिलंय."

"मग खोल."

सुरजने स्क्रू काढले. बाहेर भोकं पाच, आत सगळ्या वायरी एकाच बुंध्याला. दुसरा खोलला, तोही तसलाच. मग सुरजने फळीच्या मागून एक पोचे आलेला निळा डबा काढला. नाव नाही, गाव नाही. पण आत प्रत्येक भोकाला आपली स्वतंत्र तारेची गुंडाळी. पाच भावांच्या पाच चुली.

"एकत्र कुटुंब मोडलं की भांडण मिटतं," सुरज म्हणाला. पोच्यांबद्दल भाव पाडून जॅक्सनने डबा घरी आणला.

लावला मात्र, आणि अशी शांतता पसरली की स्वयंपाकघरात रोवेना मनातल्या मनात काय म्हणतेय तेही ऐकू आलं. जॅक्सनने घाईघाईने सगळं आवरलं. जुना फाटेवाला अडॅप्टर, असू दे हाताशी म्हणून, गिटारच्या पिशवीत कोंबला.

रविवार उजाडला. चर्च खचाखच भरलं. पुढच्या बाकांवर लाल लुगड्यातल्या आज्या, मागे दहा गावचे पाहुणे. जॅक्सनने निळ्या डब्याचं बटण दाबलं. माशी नाही, मधमाशी नाही.

"शाबास, पोरा!" टीचर तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसल्या.

मग त्यांनी डोळे मिटले आणि बोट वर केलं. मंडळाने श्वास भरून घेतला. बोट वरच राहिलं. श्वास धरून धरून थॉमस जांभळा पडला. शेवटी टीचरांनी सूर लावला, तो इतका खाली की मंडळातले पुरुष तो शोधायला बाकाखाली वाकले. टीचर थांबल्या, खाकरल्या, पुन्हा लावला. या खेपेला कौलांतली कबुतरं उडाली आणि सालोमी आजींच्या चष्म्याला तडा गेला. वेदीपाशी फादर वळले. दहा गावांच्या माना माळ्याकडे वळल्या.

टीचरांनी तिसऱ्यांदा बोट वर केलं. डोळे मात्र उघडेच होते. ते निळ्या डब्यावर गेले. तिथून गिटारच्या पिशवीवर गेले, आणि पिशवीतून लोंबणाऱ्या त्या जुन्या फाटेदार वायरीवर खिळले.

त्या जॅक्सनच्या कानाशी वाकल्या.

"मेल्या, बघतोस काय?" त्या दात आवळून कुजबुजल्या. "देवदूताची पिन लाव!"